फ्लोअरिंगच्या पट्ट्यांचा बार-टॉप : वाचकांचे प्रश्न

दोन महिन्यांपूर्वी याच पानावर मी उरलेल्या लाकडी फ्लोअरिंगपासून भिंतीवरची फळी कशी करायची ते लिहिलं होतं. तेव्हापासून जी पत्रं येताहेत त्यांतल्या बहुतेकांना फळी करायचीच नाही. कुणाला घरातल्या बारचा टॉप करायचा आहे, कुणी तो करून बसलंय आणि आता तो उकलायला लागलाय. म्हणून हा सगळा अंक त्यालाच दिला आहे.

प्रश्न : ताई, घरात ओकचं फ्लोअरिंग केलं, त्यातलं एक खोकं आणि काही सुट्या पट्ट्या उरल्या. पट्टी १९ मिमी जाड, सव्वादोन इंच रुंद, एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. पॉलिश केलेलं नाही. बैठकीच्या कोपऱ्यात ८ फूट लांब आणि २ फूट रुंद बार करायचा आहे. खाली १८ मिमीचं प्लाय, त्यावर भरपूर पांढरा गोंद, वर पट्ट्या दाबून बसवायच्या आणि चारही बाजूंनी त्याच लाकडाची पट्टी गोंदानं चिकटवायची, असं ठरलंय. आमचे मिस्त्री म्हणतात, दगडासारखं पक्कं होईल. काही चुकतंय का?

उत्तर : हो, चुकतंय. हीच चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे वडील सुतार. त्यांच्या हाताखालून बाहेर पडल्यावर मी एकटीनं केलेलं पहिलं मोठं काम म्हणजे थोरल्या भावाच्या घरचा बार. अशाच उरलेल्या पट्ट्या होत्या आणि मीही असंच केलं. प्लायवर गोंद ओतला, पट्ट्या ठोकून बसवल्या, दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या गोंद लावून शिकंज्यात दाबल्या. दमट दिवसांत काम झालं होतं. टॉप इतका सुरेख दिसत होता की भाऊ येईल त्याला हात लावून दाखवायचा. हवा कोरडी पडली तसे आवाज यायला लागले, रात्री कुणी बोटं मोडावीत तसे. एका सकाळी टोकापासून हातभर लांब चीर दिसली. वडील बघायला आले. त्यांनी खिशातलं पोस्टकार्ड काढून चिरेत घातलं, ते अर्धं आत गेलं. मग ते एवढंच म्हणाले, ‘फळी आडवी हलते, उभी नाही. तू तिला आडवीच बांधलीस.’

याचा हिशेब मांडून दाखवते. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओलावा घेतला की रुंदीत फुगतं, सोडला की रुंदीत आटतं. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. ओंडक्यातून साध्या पद्धतीनं कापलेल्या ओकच्या फळीतला ओलावा ४ टक्क्यांनी बदलला, तर २ फूट रुंदीत साधारण ९ मिलिमीटरचा फरक पडतो. सागवान याच्या निम्म्यानं हलतो, म्हणून तो चूक बऱ्याच अंशी सोसून नेतो. प्लायचे थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे प्लाय जागचं हलत नाही. खाली न हलणारं प्लाय, वर ९ मिमी हलू पाहणारं लाकूड आणि मध्ये पक्का गोंद. यात एकतर जोड उघडतात, नाहीतर फळी चिरते, किंवा सगळा टॉप ताटासारखा वाकतो.

मग हीच पट्टी जमिनीवर वर्षानुवर्षं कशी टिकते? जमिनीवर तिला गोंदानं जखडत नाहीत. जिभेतून तिरका खिळा मारतात आणि प्रत्येक पट्टी आपापल्यापुरती हलते. २ फुटांत दहा-अकरा पट्ट्या बसतात. ९ मिमी त्यांच्यात वाटले की एका जोडाला मिलिमीटरसुद्धा येत नाही. चालताना ती केसाएवढी फट कुणाला दिसतही नाही.

पण तुम्ही म्हणाल, मग बारवरही तशाच मोकळ्या पट्ट्या बसवू. तिथं दुसरी अडचण येते. जमिनीवर दिवसातून चारदा पेला लवंडत नाही. बारवर सांडलेलं त्या केसाएवढ्या फटीत उतरतं, पट्टीच्या पोटात मुरतं, आणि वर्षभरात जोडाच्या कडेनं काळी रेघ दिसायला लागते. म्हणजे बारवर दोन्ही हवं : वरून एकही फट नको आणि तरी लाकडाला हलायला वाव हवा.

यासाठी मी असं करते. पट्ट्या प्लायला चिकटवायच्या नाहीत, एकमेकींना चिकटवायच्या. त्यांचा एक अखंड फळा करायचा आणि तो फळा खालच्या प्लायवर मोकळा सरकू द्यायचा.

पट्ट्या आधी दोन आठवडे त्याच खोलीत, खोक्यातून बाहेर काढून, मध्ये बारीक काड्या घालून रचून ठेवा. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर पट्टी आणि प्लाय दोन्ही मोजा. पट्ट्या सव्वादोन इंची आहेत म्हणून ४ टक्क्यांपर्यंतचा फरक चालेल. ३ इंच किंवा त्याहून रुंद असत्या तर २ टक्क्यांवर मी थांबले असते.

जीभ आणि खाच मी कापून टाकते. पुष्कळांना हे जिवावर येतं, एवढी तयार जोडणी आहे तर कापायची कशाला, असं वाटतं. पण ती जोडणी जमिनीसाठी आहे. खाचेच्या वर जेमतेम ६ मिमी लाकूड असतं, पुढे कधी टॉप घासून नवा करायचा झाला तर तेवढ्यातच थांबावं लागतं. शिवाय जिभेच्या खालच्या बाजूला मुद्दाम सैल ठेवलेलं असतं, तिथं गोंदाला पकड मिळत नाही. दोन्ही कडा सरळ कापून रंध्यानं साफ केल्या की पट्टी साधारण २ इंचांची उरते आणि २ फुटांसाठी बारा पट्ट्या लागतात. तेवढ्या आहेत ना, ते आधी मोजा. कापायला टेबल-करवत नसेल तर जीभ राहू द्या, पण मग गोंद जिभेच्या वरच्या खांद्याला लावा, आणि पट्टी ठोकताना जिभेवर थेट हातोडी न मारता दुसऱ्या पट्टीचा खाचेचा तुकडा मध्ये धरा.

गोंद पाण्याला टिकणारा घ्या, साधा पांढरा नको. आधी सहा-सहा पट्ट्यांचे दोन अर्धे करा, मग ते दोन जोडा. बारा पट्ट्या एकदम जोडायला गेलं की शेवटच्या पट्टीपर्यंत पोचेतो पहिलीचा गोंद आळलेला असतो. शिकंजे एक वरून, एक खालून असे लावा, नाहीतर फळा एका बाजूला बाक घेतो. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं पुसू नका. तो लाकडाच्या छिद्रांत पसरतो आणि पॉलिशच्या वेळी पांढुरके डाग पडतात. रबरासारखा झाला की पटाशीनं खरवडून काढा.

पट्ट्यांची लांबी कमी-जास्त असेल. सर्वांत लांब पट्ट्या पुढच्या कडेला घ्या, तिथं कोपरं टेकतात आणि नजरही तिथंच जाते. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांचे टोकाचे जोड निदान ६ इंच अंतरानं येऊ द्या. टोकाला टोक चिकटवलेला जोड एकट्यानं ताकद देत नाही, त्याला शेजारच्या अखंड पट्ट्याच धरून ठेवतात.

आता फळा बसवायचा. प्लाय फळ्यापेक्षा पुढून आणि मागून ६-६ मिमी आखूड ठेवा. फळ्याच्या लांबीच्या मधल्या रेषेत खालून साध्या भोकांतून स्क्रू आवळा. पुढच्या आणि मागच्या ओळीला प्लायमध्ये रुंदीच्या दिशेनं लांबट भोकं पाडा, १० ते १२ मिमी लांब, आणि वॉशर घालून स्क्रू बसवा. मध्य जागेवर राहतो, कडा पुढेमागे सरकतात. १८ मिमी प्लायला ३० मिमीचा स्क्रू पुरे. ३५ चा घेतलात आणि फळा घासून पातळ झालेला असला, तर वरून टोक डोकावेल.

पुढच्या कडेची जाड पट्टी फळ्याला पूर्ण लांबीभर गोंदानं चिकटवा. दोन्हींच्या लाकडाच्या रेषा एकाच दिशेनं आहेत, त्या दोघी बरोबर हलतील. ही पट्टी खाली उतरून प्लायची कड झाकेल, पण प्लायला तिचा गोंद लागता कामा नये. टोकाच्या आडव्या पट्ट्यांना फक्त मधल्या दोन-तीन इंचांत गोंद लावा आणि बाकी लांबट भोकांतून स्क्रू घाला. माझी चीर तिथंच सुरू झाली होती. फ्लोअरिंगच्या पट्टीच्या पाठीवर लांब खाचा असतात, त्या टोकाला फणीच्या दातांसारख्या दिसतात. त्या झाकायला तरी टोकाची पट्टी लागतेच.

पुढच्या पट्टीच्या खालच्या अंगाला, कडेपासून बोटभर आत, करवतीची एक बारीक खाच मारून ठेवा. छज्ज्याच्या खाली पागोळीसाठी खाच ठेवतात तशी. सांडलेलं कडेवरून खाली आलं की त्या खाचेशी अडतं आणि तिथूनच टपकतं, आतल्या प्लायपर्यंत जात नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही : ओक लाल की पांढरा? रंगावरून ठरवू नका, नुसता रंग फसवतो. पट्टीचा तीन-चार इंचांचा तुकडा कापा, एक टोक पाण्यात धरा आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून जोरात फुंका. लाल ओक असला तर पाण्यात बुडबुडे येतील. त्याच्या नळ्या मोकळ्या असतात, लाकूड गवताच्या काडीसारखं आरपार असतं. पांढऱ्या ओकच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, म्हणून तर दारूची पिंपं पांढऱ्या ओकची करतात. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा बुडबुडे बघून कितीतरी वेळ तोच तुकडा फुंकत बसले होते. तुमचा ओक लाल निघाला तरी बार होईल. फक्त टोकांना पॉलिशचे दोन हात जास्त द्या.

आणि पॉलिश फळ्याच्या खालच्या बाजूलाही लावायचं आहे. वरून बंद आणि खालून उघडं लाकूड एका बाजूनंच ओलावा घेतं आणि वाकतं. बसवण्याआधीच खालून दोन हात मारून घ्या, नंतर हात पोचत नाही.

प्रश्न : आमच्याकडे सागवानी पट्ट्यांचा काउंटर आहे. हौसेनं लाखेचं फ्रेंच पॉलिश करून घेतलं, आरशासारखं झालं. पहिल्याच बैठकीनंतर पेल्यांच्या तळाचे गोल डाग पडले. काही पांढरे आहेत, काही चिकट. पॉलिशवाल्यानं फसवलं का?

उत्तर : फसवलं नसेल. पॉलिश चांगलंच झालं असणार, पण जागा चुकली. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजेच लाख. ज्यात तो विरघळवला तेच त्याच्यावर सांडलं तर तो पुन्हा विरघळणारच. व्हिस्की, रम, ब्रँडी यांत साधारण ४० टक्क्यांच्या पुढे अल्कोहोल असतं. असं पॉलिश केलेल्या एका तुकड्यावर त्यांचा थेंब टाकून दहा मिनिटं थांबा आणि बोट लावा. मध लागल्यासारखं लागतं, बोट उचललं की पॉलिशवर बोटाचे ठसे उमटतात. तुमचे चिकट डाग ते आहेत. पांढरे डाग वेगळे. गार पेल्याच्या बुडाशी जमलेलं पाणी पॉलिशच्या थरात शिरलं की तो भाग धुरकट होतो. पांढरे डाग थोड्या स्पिरिटच्या हातानं जातात, पण तुमचा हा काउंटर रोजच्या वापरातला आहे, तेव्हा तेवढ्यावर थांबू नका.

पॉलिश पूर्ण काढा आणि त्याजागी पॉलियुरेथेन द्या, म्हणजे कडक थर देणारं वार्निश. स्पिरिटनं भिजवलेलं फडकं पाच मिनिटं ठेवलं की ते मऊ होऊन खरवडता येतं. उघड्या लाकडावर ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग १८०, सगळं रेषेच्या दिशेनं. सागाला मुळातच तेल असतं, त्यावर पॉलियुरेथेन धरत नाही अशी तक्रार त्यामुळेच येते. पहिला हात देण्याच्या अगदी आधी अ‍ॅसिटोननं किंवा थिनरनं पुसा आणि लगेच लावा, तेल परत वर यायच्या आत. पहिला हात पातळ करून द्या, तो लाकडात उतरू द्या. नंतरचे तीन हात पातळच, पण पातळ न करता. म्हणजे माल आहे तसाच, मात्र थर पातळ. प्रत्येक हातानंतर डब्यावर सांगितलाय तेवढा वेळ द्या आणि २२० नंबरच्या पेपरनं हलकेच घासा. चपड्याचा थोडाही थर राहिला तर त्यातल्या मेणामुळे वरचा पॉलियुरेथेन सोलून निघतो. म्हणून खरवडण्यात कसूर नको.

शेवटचा हात वाळला म्हणजे झालं, असं समजून लगेच पेले ठेवू नका. तेलातलं पॉलियुरेथेन बोटाला कोरडं लागलं तरी पूर्ण कडक व्हायला जवळपास महिना घेतं. तेवढे दिवस खाली चकत्या ठेवा आणि ओलं काही रात्रभर राहू देऊ नका.

फ्रेंच पॉलिशवर माझं प्रेम आहे. वडिलांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते तेच, सुती फडक्याची पुरचुंडी करून आठच्या आकड्यात हात फिरवायला. म्हणून सांगते, ते कपाटाच्या दाराला, पेटीला, आरशाच्या चौकटीला करा. तिथं ते पिढ्यान्‌पिढ्या राहतं.

प्रश्न : हॉटेलात असतो तसा जाड काचेसारखा थर हवा आहे. इपॉक्सी ओतलं तर लाकूड हलण्याची भीती जाते का?

उत्तर : जात नाही. इपॉक्सी ओलावा आत-बाहेर जाण्याचा वेग कमी करतं, पूर्ण थांबवत नाही. खालची बांधणी वर सांगितली तशीच हवी, आणि इपॉक्सी वरून ओतलं तर खालच्या बाजूलाही एक पातळ हात द्यायचा.

३ मिमीच्या थराला ८ फूट बाय २ फुटांच्या टॉपवर साधारण साडेचार लिटर माल लागतो, कडांवरून ओघळेल तो वेगळा. आणण्याआधी हे मोजून घ्या, कारण अर्ध्यावर माल संपला की जोडरेघ राहते. ओतण्याआधी ब्रशनं एक पातळ हात देऊन तो वाळू द्यायचा. हा हात चुकवला की लाकडातल्या छिद्रांतली हवा रात्रभर वर येत राहते आणि सकाळी टॉप साबुदाण्याच्या पापडासारखा दिसतो. जीभ-खाच न कापता बसवलेल्या पट्ट्यांना तर तो हात अगदी हवाच, नाहीतर माल जोडांतून खाली गळतो आणि वर खळगे पडतात.

इपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर, डब्यावर दिलेल्या प्रमाणातच घ्या. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालणारे भेटतात. त्यानं वाळत नाही, कायमचं चिकट राहतं. एकाच बादलीत सगळा माल कालवून ठेवू नका, तो स्वतःच्याच उष्णतेनं तापतो आणि बादलीतच आळतो. कालवला की ओता आणि पसरवा. बुडबुडे काढायला ज्योत वापरली तर हात फिरता ठेवा, एका जागी क्षणभरही थांबू नका. खोली २१ ते २७ अंशांत असावी आणि धूळ नसावी. दारं-खिडक्यांचे पडदे आदल्या दिवशीच झटकून घ्या.

मला स्वतःला इपॉक्सी आवडत नाही. हात ठेवला की लाकूड लागत नाही, गार प्लास्टिक लागतं. घासून दुरुस्त करणंही जिकिरीचं. उन्हात पिवळं पडतं, आणि चुलीवरून उतरवलेलं भांडं ठेवलं तर त्याच्या बुडाचा ठसा उमटतो, कारण बहुतेक इपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढे मऊ व्हायला लागतं. पण तुमच्या टॉपमध्ये नाणी, शिंपले, जुनी तिकिटं असं काही कायमचं बसवायचं असेल तर दुसरा पर्याय नाही, आणि ते नीट केलं तर सुंदर दिसतं.

प्रश्न : कारखान्यातूनच पॉलिश होऊन आलेल्या पट्ट्या आहेत. आहेत तशा बसवून टाकू?

उत्तर : नको. अशा पट्ट्यांच्या कडा किंचित तासलेल्या असतात, म्हणून दोन पट्ट्यांमध्ये इंग्रजी व्ही-सारखी बारीक चर राहते. जमिनीवर ती शोभते. बारवर त्यात साखर, लिंबाचा रस, शेंगदाण्याची सालं साचतात आणि फडकं आत पोचत नाही. ती चर जाईपर्यंत घासायचं म्हटलं तर वरच्या थरात बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असतं. पॉलिश पेपरवर धार म्हणून जे असतं तेच ते. ३६ किंवा ४० नंबरचा खरखरीत पेपरही भराभर बोथट होतो. तेव्हा पट्ट्या उलट करा. पाठीवरच्या खाचा रंध्याच्या मशीनवर काढून घ्या आणि पाठ वर करून फळा जोडा. जाडी थोडी जाईल, पण १९ मिमीच्या पट्टीला ते परवडतं. रंधा मारणाऱ्याला आधी सांगा, कारण पॉलिशची बाजू चुकून पात्याखाली गेली तर त्याच्या पात्यांची धार जाईल.

प्रश्न : लॅमिनेट फ्लोअरिंग चालेल का? आणि वर लाकूड, खाली प्लाय असलेलं?

उत्तर : लॅमिनेट नको. ते लाकूड नाही, दाबलेल्या भुशावर छापील कागद आहे. जोडात पाणी शिरलं की कडा फुगतात, आणि त्या परत बसत नाहीत. वर लाकूड आणि खाली प्लाय असलेलं चालेल, त्यात हालचाल खूपच कमी असते आणि ते प्लायवर थेट चिकटवता येतं. वरचा लाकडाचा थर किती जाड आहे तेवढं बघा. ३-४ मिमी असेल तर पुढे एक-दोनदा घासता येईल.

प्रश्न : उंची किती ठेवावी? टॉप पुढे किती काढावा? एकाचा एकाला धक्का लागू नये.

उत्तर : बारची नेहमीची उंची ४२ इंच, त्याला २८ ते ३० इंचांचं उंच स्टूल. बसण्याची जागा आणि टॉपचा खालचा भाग यांत १० ते १२ इंच राहिले की मांडी आरामात जाते. स्टूल आधीच घरात असेल तर उंची स्टुलावरून ठरवा. प्रत्येकाला २ फूट जागा द्या. म्हणजे ८ फुटांत चौघं.

गुडघ्यांसाठी टॉप ८ ते १२ इंच पुढे काढावा लागतो. ८ इंचांच्या पुढे गेलात तर खाली लोखंडी ब्रॅकेट हवेतच. लोक बारवर नुसते बसत नाहीत, कोपरावर सगळा भार टाकून पुढे वाकतात, आणि उठताना टॉपच्या कडेलाच रेटा देऊन उठतात. पाय ठेवायला नळी लावणार असाल तर जमिनीपासून ७ ते ९ इंचांवर. ब्रॅकेटचे स्क्रू प्लायमध्येच घ्या, फळ्यापर्यंत जाऊ देऊ नका, नाहीतर इतकं करून शेवटी फळा तिथं बांधला जाईल.

प्रश्न : जुन्या घराच्या जमिनीतून काढलेल्या ओकच्या पट्ट्या मिळाल्या. खिळ्यांच्या भोकांभोवती शाईसारखे काळे डाग आहेत. कितीही घासलं तरी जात नाहीत. काही पट्ट्यांवर जुना रंगही आहे.

उत्तर : ती एका अर्थी शाईच आहे. ओकमध्ये टॅनिन असतं, त्याला लोखंड आणि ओलावा भेटला की काळा रंग तयार होतो. पूर्वी लिहायची शाईही टॅनिन आणि लोखंडाच्या क्षारापासूनच करत. डाग लाकडात खोल गेलेला असतो, म्हणून घासून जात नाही. ऑक्झॅलिक आम्ल कोमट पाण्यात विरघळवून डागावर लावा, डोळ्यांदेखत फिकं व्हायला लागतं. दोन-तीनदा लावावं लागेल. नंतर स्वच्छ पाण्यानं पुष्कळ वेळा पुसून काढा आणि पूर्ण वाळू द्या. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे घाला, आणि वाळल्यावर राहिलेली पूड नाकातोंडात जाऊ देऊ नका. एक विनंती मात्र करते. सगळे डाग घालवू नका. एका कामात मी पुढच्या तीन पट्ट्यांवर खिळ्यांचे डाग तसेच ठेवले होते, आणि त्या घरात येणारा प्रत्येक जण अजूनही आधी त्यांच्यावरच बोट ठेवतो. भोकं तेवढी पारदर्शक इपॉक्सीनं भरून घ्या.

करवतीला घालण्याआधी प्रत्येक पट्टीवरून लोहचुंबक फिरवा. मोडून आत राहिलेलं खिळ्याचं टोक वरून दिसत नाही, आणि पात्याला लागलं की पातं तर जातंच, तुकडा उडून डोळ्यालाही लागू शकतो. नवे खिळे-स्क्रू स्टेनलेसचे घ्या, म्हणजे पुन्हा शाई तयार होणार नाही.

रंग असलेल्या पट्ट्या वेगळ्या ठेवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासून त्याची धूळ घरात उडवू नका, लहान मुलं असतील तर मुळीच नको. तुम्हाला पुरेशा पट्ट्या बिनरंगाच्या मिळत असतील तर रंगाच्या सोडून द्या.

प्रश्न : काल बारच्या टॉपला तेलाचा हात दिला. पुसलेली फडकी बोळा करून टोपलीत टाकली होती. आज सकाळी उचलायला गेलो तर बोळा आतून गरम लागला. रात्रभर कुणी हात लावला नव्हता. असं का व्हावं?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी पहिल्यांदा तुम्हाला फोन करायचा विचार केला, पण पत्रावर नंबर नव्हता. तो बोळा पेटला असता. जवसाचं तेल आणि तेलातलं पॉलियुरेथेन वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या फडक्यातून ती उष्णता निघून जाते. बोळ्यात ती कोंडते, वाढत जाते आणि काडी न लावता फडकं पेट घेतं. टोपलीत लाकडाचा भुसा असेल तर आग पसरायला वेळ लागत नाही.

वापरलेलं प्रत्येक फडकं उघड्यावर, सपाट, एकेक वेगळं पसरून वाळवा. पत्र्यासारखं ताठ झालं की मग फेका. लगेच वाळवायला जागा नसेल तर पाण्यानं भरलेल्या, झाकण असलेल्या लोखंडी डब्यात बुडवून ठेवा. ब्रश पुसलेला कागद, हातमोजे, तेल लागलेला भुसा, सगळ्याला हेच लागू. बारचा टॉप कसा झालाय ते पुढच्या पत्रात कळवा. आज मात्र आधी ती टोपली अंगणात नेऊन उपडी करा आणि फडकी एकेक सुटी करा.